मोत्या पोळी का खात नाही?

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. आईने अंगणात रांगोळी घातली आहे, दारात पणत्या लागल्या आहेत, आत आजी लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य मांडते आहे. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी पहिला सुतळी बाँब लावतो. तुम्ही कानांवर हात ठेवून हसता. पण तुमचा मोत्या कुठे आहे? मघापर्यंत तर तो तुमच्या पायांत घोटाळत होता! शोधता शोधता तो सापडतो पलंगाखाली, अगदी भिंतीला चिकटून. शेपटी पोटाखाली, कान मागे, अंग थरथरते आहे, तोंडातून लाळ गळते आहे. तुम्ही त्याच्यापुढे तुपात माखलेला पोळीचा तुकडा धरता. एरवी या तुकड्यासाठी तो मागच्या दोन पायांवर उभा राहतो. आज मात्र तो त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही.

दादा म्हणतो, "नखरे करतोय." शेजारचे काका सांगतात, "बाहेर अंगणात बांधा त्याला. दोन तासांत सवय होईल." दोघेही मोत्याचे वैरी नाहीत. पण दोघांचेही चुकते आहे, आणि ही चूक महागात पडू शकते. घाबरलेला कुत्रा साखळी तोडून किंवा दार उघडे सापडताच वाट फुटेल तिकडे धावत सुटतो. मग तो ओळखीच्या वासांपासून दूर जाऊन हरवतो, नाही तर एखाद्या गाडीखाली सापडतो. म्हणून मोत्याच्या शरीरात या वेळी काय चालले आहे, हे आपण नीट समजून घेऊ या. त्याची गुरुकिल्ली त्या न खाल्लेल्या पोळीच्या तुकड्यातच आहे.

कुत्र्याच्या कानांनी ऐका

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या हर्ट्‌झमध्ये मोजतात. माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्याची मर्यादा सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंत जाते आणि मांजराची ६०,०००च्याही पलीकडे. बिळातल्या उंदराची बारीक चिरचिर मांजराला ऐकू येते आणि आपल्याला येत नाही, त्याचे हे कारण. म्हणजे फटाक्याचा जो आवाज आपण ऐकतो, त्याहून त्याचा मोठा भाग या प्राण्यांच्या कानांवर आदळतो.

ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. या मोजपट्टीची एक गंमत आहे. ती दहाने वाढली की ध्वनीची तीव्रता दसपट होते. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबेल असते. मग १२० डेसिबेलचा आवाज दुप्पट तीव्र का? छे! सहा वेळा दसपट, म्हणजे तो दहा लाख पट तीव्र असतो. आपल्या देशात १९९९ साली ठरवलेल्या नियमानुसार फटाका ज्या जागी फुटतो तेथून ४ मीटरवर त्याचा आवाज १२५ डेसिबेलपेक्षा जास्त असता कामा नये. नियम पाळणारा फटाकासुद्धा किती मोठा आवाज करतो, याची यावरून कल्पना येईल.

आता एक सोपे गणित करू. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबेलने उतरतो. ४ मीटरवर १२५ डेसिबेल असतील, तर ८ मीटरवर ११९, १६ मीटरवर ११३ आणि ३२ मीटरवर १०७. अरुंद गल्लीत तर दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परावर्तित होतो, त्यामुळे तो इतकाही उतरत नाही. शिवाय आपल्याला वात पेटवणारा मुलगा दिसतो आणि "आता फुटणार" हे आपण आधीच ओळखतो. मोत्याला यातले काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने निरभ्र आकाशातून अचानक वीज कोसळते, एकदा नव्हे, तर रात्रभर.

जठर थांबले!

पण घाबरला म्हणून पोळी का खाऊ नये? या प्रश्नाचे उत्तर शोधायला सव्वाशे वर्षांमागे जावे लागेल.

१८९५ साली रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरण शोधून काढले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन या तरुणाने एक युक्ती केली. क्ष-किरणांना अडवणारा बिस्मथचा क्षार अन्नात मिसळून तो मांजरांना खाऊ घातला आणि त्यांच्या जठराची हालचाल तो पडद्यावर पाहू लागला. जठराच्या भिंतीवरून एकामागून एक लाटा सरकताना दिसत. पण कधी कधी मांजर बिथरे, सुटायची धडपड करू लागे, आणि त्याच क्षणी त्या लाटा बंद पडत! मांजर शांत झाले की त्या पुन्हा सुरू होत.

कॅननने हा धागा सोडला नाही. १९११ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने शांत मांजराचे थोडे रक्त घेतले. मग भुंकणारा कुत्रा समोर आणल्यावर त्याच मांजराचे पुन्हा रक्त घेतले. आतड्याच्या स्नायूची एक छोटी पट्टी द्रवात ठेवली, तर ती बराच वेळ तालात आकुंचन पावत राहते. शांत मांजराच्या रक्तात ही पट्टी नेहमीसारखी हालत राहिली. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात मात्र ती सैल पडून थांबली. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरले होते, त्याचा हा परिणाम.

हे द्रव्य शरीराला जणू हुकूम देते, "लढ, नाही तर पळ!" हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, यकृतातील साखर रक्तात येते आणि रक्त स्नायूंकडे वळते. अशा वेळी अन्न पचवत बसण्याला काय अर्थ? म्हणून पचनाचे काम तात्पुरते थांबते.

आता मोत्याकडे पुन्हा पाहा. तो नखरे करत नाही. त्याचे शरीर पोळी घेण्याच्या स्थितीतच नाही. जसा ताप पाहायला तापमापक, तशी मोत्याची भीती पाहायला पोळीचा तुकडा! तुकडा सावकाश, मजेत खाल्ला तर मन शांत. बोटांना दात लावत हिसकावून घेतला तर मन अस्वस्थ. आणि अजिबात घेतला नाही, तर भीती बरीच चढलेली आहे असे समजावे. अर्थात आजारी किंवा पोट भरलेला कुत्राही खात नाही, तेव्हा बाकीच्या खुणाही पाहायला हव्यात.

प्राण्यांची भाषा वाचा

१८७२ साली चार्ल्स डार्विनने माणूस आणि प्राणी यांच्या भावना शरीरावर कशा प्रकट होतात, यावर एक ग्रंथच लिहिला. शेपटी, कान, पाठीवरचे केस यांची भाषा त्याने बारकाईने टिपली होती. ही भाषा तुम्हालाही शिकता येईल.

कुत्र्याची अस्वस्थता सुरू होते ती अगदी बारीक खुणांनी. झोप आलेली नसताना जांभई देणे, खायला काही नसताना ओठ चाटणे, मान दुसरीकडे वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे. त्यानंतर शेपटी खाली जाते, कान मागे पडतात, उकाडा नसताना तो धापा टाकतो, येरझारा घालतो. फरशीवर पंजांचे ओले ठसे दिसले तर नीट पाहा. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना! भीती आणखी वाढली की थरथर, लाळ, लपणे, घरात लघवी होणे. एकच खूण पाहून निष्कर्ष काढू नका. जांभई झोपेतून उठल्यावरही येते. तेव्हा खूण आणि प्रसंग यांची सांगड घालावी.

घाबरलेला कुत्रा गुरगुरला तर त्याला मारू नका. गुरगुरणे म्हणजे "माझ्यापासून दूर राहा" ही सूचना आहे. मारून ती बंद केली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावेल.

मांजर आपली भीती लपवण्यात पटाईत असते. ते आवाज करत नाही, नुसते नाहीसे होते. कपाटावर, माळ्यावर, गाद्यांच्या मागे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कान आडवे, अंग आखडलेले. बरेच दिवस चिंतेत राहिलेले मांजर अंग इतके चाटते की जागोजाग केस जातात, किंवा ठरलेली जागा सोडून भलतीकडे लघवी करते. अशा वेळी घरचे लोक त्याला "घाणेरडे" म्हणतात. खरे तर ते बिचारे आपली अडचण सांगत असते.

भीती शिकली जाते

मोठ्या आवाजाने दचकणे उपजतच असते. पण काही प्राणी आवाज होण्याआधीच थरथरू लागतात. पणत्या बाहेर निघाल्या, काडेपेटीचा खुळखुळ झाला की मोत्या पलंगाखाली! याला नुसती भीती नव्हे, चिंता म्हणायला हवे. भीती समोरच्या संकटाची असते, चिंता येऊ घातलेल्या संकटाची.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह याला पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ठरावीक आवाजानंतर दर वेळी अन्न दिले, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याला लाळ सुटते, हा त्याचा प्रयोग तुम्ही वाचला असेल. याच पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेवर १९२४च्या सप्टेंबरात एक संकट आले. लेनिनग्राड शहरात महापूर आला आणि कोंडवाड्यांत अडकलेल्या कुत्र्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढावे लागले. कुत्रे वाचले. पण त्यांतले काही शिकलेले सारे विसरून गेल्यासारखे वागू लागले. कालांतराने ते सावरले. पुढे खोलीच्या दाराखालून थोडेसे पाणी आत झिरपू दिले, तेव्हा सावरलेला कुत्रा पुन्हा ढासळला! पूर ओसरला होता, पण पुराची आठवण मनात घर करून होती.

शेजारच्या काकांचा सल्ला धोक्याचा का, हे आता लक्षात येईल. भर फटाक्यांत बांधलेल्या मोत्याला सवय होत नाही. त्याचा दर वर्षी एक नवा महापूर होतो.

मग भीती घालवता येते का?

जे शिकले जाते ते बदलताही येते. हे दाखवून दिले मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने. त्याच १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये तिने पीटर नावाच्या एका लहान मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या आतबाहेरचा हा मुलगा सशाला पाहून रडत असे. इतर मुलांबरोबर खेळता खेळता त्याची भीती कमी होत चालली होती. इतक्यात तो आजारी पडला. इस्पितळातून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि भीती पुन्हा पहिल्याइतकी झाली. जोन्सने धीर सोडला नाही. पीटर आवडीचे खाणे खात असताना तिने पिंजऱ्यातला ससा खोलीत आणवला, पण दूर, त्याचे खाणे थांबणार नाही इतक्या अंतरावर. मग दिवसेंदिवस थोडा जवळ. शेवटी पीटर आपण होऊन सशाला कुरवाळू लागला.

यातले मर्म कोणते? ससा किती जवळ आणायचा, हे पीटरच्या खाण्यावरून ठरत होते. म्हणजे पुन्हा आपला पोळीचा तुकडाच!

मोत्याची शाळा

हीच रीत तुम्ही घरी वापरू शकता. मात्र दिवाळीच्या आदल्या दिवशी नव्हे. निदान दोन महिने आधी, शांत दिवसांत सुरुवात करा आणि घरातील मोठ्या माणसांना सोबत घ्या.

मोबाइलवर फटाक्यांचे ध्वनिमुद्रण मिळवा. पहिल्या दिवशी आवाज इतका बारीक ठेवा की मोत्याने फक्त कान टवकारावा. आवाज झाला की लगेच पोळीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा द्या. क्रम महत्त्वाचा आहे. आधी आवाज, मग तुकडा. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि बेदाणे मात्र कुत्र्याला विषारी ठरतात, ते कधीच देऊ नका. रोज पाच मिनिटांची शाळा पुरे. काही दिवसांनी आवाज होताच मोत्या आशेने तुमच्या हाताकडे पाहू लागेल. तेव्हा, आणि तेव्हाच, आवाज किंचित वाढवा. तुकडा नाकारला तर चूक मोत्याची नाही, तुमची. तुम्ही घाई केलीत. दोन पायऱ्या खाली उतरा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. मोबाइलच्या छोट्या ध्वनिक्षेपकातून सुतळी बाँबचा जमीन हादरवणारा दणका येत नाही. म्हणून या शाळेने भीती कमी होते, पण खरी दिवाळी सोपी जाण्यासाठी बाकीची तयारीही लागते.

घरात नुकतेच पिल्लू आले असेल तर तुमचे काम आणखी सोपे आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ साली दाखवले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी सहज ओळख करून घेते. या काळात मिक्सर, कुकरची शिट्टी, ढोल, पाहुणे यांची हळुवार ओळख झाली, तर पुढे भीती कमी राहते.

दिवाळीच्या रात्री

मोत्याला दिवस मावळण्यापूर्वीच फिरवून आणा. पट्टा घट्ट आहे ना, ते पाहा आणि त्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक असू द्या. रस्त्यापासून सर्वांत आतली खोली निवडा. खिडक्या लावून पडदे ओढा. टेबलावरून गोधडी सोडून खाली गुहेसारखी जागा करा आणि तेथे पाण्याचे भांडे ठेवा. पंखा किंवा रेडिओ मध्यम आवाजात चालू ठेवला, तर बाहेरचे दणके थोडे बुजतात. ही जागा आधीच्या आठवड्यातच तयार करा, म्हणजे ती त्याला आपली वाटेल.

तो लपला तर ओढून बाहेर काढू नका. जवळ आला तर खुशाल कुरवाळा. "घाबरलेल्याला जवळ घेतले तर भीती वाढते" असे पूर्वी सांगत. ते खरे नाही. भीती ही भावना आहे, खोडी नव्हे. धीर दिल्याने ती वाढत नाही. रागावल्याने मात्र वाढते.

इतके करूनही भीती कमी झाली नाही तर पशुवैद्यांना भेटा, तेही दिवाळीच्या आधी. कधी कधी सांधेदुखीसारखे दुखणे भीतीच्या मुळाशी असते, आणि काही प्राण्यांना खरोखरच औषध लागते. आपल्या घरातली गोळी मात्र कधीही देऊ नका. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

एक खोके, एक चप्पल

मांजरासाठी तर उपाय फारच स्वस्त आहे, पुठ्ठ्याचे खोके! नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथील संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकी दिली आणि काहींना दिली नाहीत. खोकी मिळालेली मांजरे नव्या जागेत लवकर रुळली. म्हणून घर बदलताना, पाहुणे येताना किंवा रंगकाम चालू असताना शांत कोपऱ्यात एक खोके ठेवा आणि आत तुमचा जुना सदरा घाला.

काही कुत्र्यांना एकटे राहण्याची चिंता असते. तुम्ही चप्पल घातली, किल्ली उचलली की ते कासावीस होतात. मग दारे ओरबाडतात, उशा फाडतात. येथेही तीच रीत. दिवसातून अनेकदा चप्पल घाला, किल्ली वाजवा आणि कुठेही न जाता पुन्हा बसा. मग अर्धा मिनिट बाहेर, मग एक, मग पाच. चप्पल म्हणजे वियोग, ही गाठ हळूहळू सुटते.

वही काढा

आता तुमच्यासाठी एक काम. वहीत पाच रकाने आखा. तारीख व वेळ, कसला आवाज, शरीराच्या खुणा, तुकडा घेतला की नाही, पूर्ववत होण्यास लागलेली मिनिटे. दोन महिने नोंदी ठेवल्यात, तर शेवटच्या रकान्यातील आकडे तुमच्या उपायांचा गुण सांगतील.

घरी प्राणी नसेल तर गल्लीतील कुत्र्यांचे निरीक्षण करा, पण लांबून. घाबरलेल्या, अनोळखी कुत्र्याला हात लावू नका. चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि ताबडतोब दवाखान्यात जा. गल्लीतल्या कुत्र्याला टेबलाखालची गुहा नसते. त्याच्यासाठी तुम्ही एकच करू शकता. आवाजाच्या फटाक्यांऐवजी पणत्या, आकाशकंदील आणि किल्ला यांवर दिवाळी साजरी करा, आणि मित्रांनाही तसे सांगा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाचे फटाके वाजवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली आहे, हेही त्यांना सांगा.

पुढच्या लक्ष्मीपूजनाला बाहेर दणका होईल. मोत्या दचकेल, कान मागे टाकेल, कदाचित टेबलाखाली जाईल. तुम्ही जवळ बसून पोळीचा तुकडा पुढे करा. त्याने तो वास घेऊन, सावकाश चावून खाल्ला, तर समजा की त्याच्या जठरातल्या लाटा पुन्हा चालू आहेत. मग वहीच्या चौथ्या रकान्यात लिहा: "घेतला."